गोल्फ क्लब (मैदान नव्हे): १८ वर्षांनी परत खेळायचंय, जुना सेट ठेवू की नवा घेऊ?

अर्धवट_निवृत्त (शनिवार, रात्री ९:२०)

आधी खुलासा. नाशिकमध्ये गोल्फ क्लबला जायचंय म्हटलं की रिक्षावाला मुकाट अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडतो. तिथे रणजीचे सामने होतात, लोक जॉगिंग ट्रॅकवर घाम गाळतात, गोल्फ सोडून सगळं चालतं. हा धागा त्याबद्दल नाही. इथे क्लब म्हणजे ज्याने चेंडू मारतात तो. आमच्या घरात त्यांना सरसकट 'काठ्या' म्हणतात.

वय ५८. १९९६ ते २००७ पुण्यात नोकरीत असताना दर रविवारी खेळायचो, सर्वात चांगला हँडिकॅप १७ (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). मग बदली, मुलांची दहावी-बारावी, कंबरेतली चकती, आणि खेळ सुटला तो सुटलाच. आता कॉलेज रोडला आईजवळ परत आलोय, काम अर्धवेळ. साडू तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीला स्थायिक झालेत. ते म्हणाले चला पाहुणे म्हणून, आणि मी माळ्यावरून बॅग काढली.

बॅगेतून निघालं ते असं: ग्रेट बिग बर्था ड्रायव्हर (सर्वात लांब मारायची काठी), ९ अंशांचा, शाफ्ट म्हणजे दांडा स्टिफ (आमच्या साहेबांनी परदेशी जाताना दिलेला). स्टीलचा एक ३ वूड. ३ ते ९ नंबरचे आयर्न (मधल्या अंतराच्या काठ्या) आणि पिचिंग वेज (जवळच्या फटक्याचा), सगळे फोर्ज्ड ब्लेड, म्हणजे पातळ पात्याचे, सगळ्यांना डायनॅमिक गोल्ड शाफ्ट. ५६ अंशांचा सँड वेज. पिंगचा जुना अन्सर पटर. शिवाय डझनभर पिवळे चेंडू आणि एक हातमोजा, जो उलगडताना कुरडईसारखा मोडला.

खेळाचं सांगत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. एक, तिसऱ्या होलवर उजव्या बुटाचा तळ गळून पडला. दुसऱ्या पायाचा पाचव्यावर. उरलेले होल मी साडूंच्या चपलांत खेळलो. दोन, साडू ६५ वर्षांचे, गुडघ्याला पट्टा, आणि त्यांचा सात नंबर माझ्या सात नंबरच्या वीसेक यार्ड पुढे पडत होता. पूर्वी हे उलटं होतं. घरी येताना गाडीत मी फारसा बोललो नाही.

नंतर मुंबईला लग्नाला गेलो होतो तेव्हा एका दुकानात डोकावलो. तिथल्या मुलाने बॅगेचा फोटो बघितला आणि 'सर, हे म्युझियमला द्या' म्हणाला. अर्ध्या तासात ड्रायव्हरपासून पटरपर्यंत पूर्ण सेटचा हिशोब कागदावर. तो आकडा बघून माझी कंबर परत दुखायला लागली.

तर जाणकारांनो, खरंच सगळं बदललंय का? की मी म्हातारा झालोय एवढंच? बदलायचं तर कुठून सुरुवात करू? साडूंना विचारत नाही, कारण उघड आहे.

तोफखाना (शनिवार, रात्री १०:०५)

तुमचे साडू ओळखीचे निघायची दाट शक्यता आहे, तेव्हा जपून लिहितो.

तोफ जुनी असली तरी मारा करू शकते, नेम धरता आला पाहिजे. अठरा वर्षं हात लावलेला नाही आणि पहिल्याच फेरीनंतर दुकानात गेलात? आधी सरावाच्या चेंडूंच्या दहा बकेट मारा. महिनाभर. कंबर सैल होईल, ग्रिप परत हातात बसेल. आत्ता दुकानात जाऊन मोजून घेतलंत तर ते तुमच्या गंजलेल्या स्विंगचं माप होईल, आणि तीन महिन्यांनी तो स्विंग तुमचा राहणार नाही.

ब्लेड विकू नका. ब्लेडवर हात बसला की बाकी कुठलाही आयर्न लोणी वाटतो. पटर तर अजिबात नाही. तो अन्सर साठच्या दशकातला नमुना आहे आणि आजही अर्धी दुनिया त्याचीच नक्कल विकते.

पुणे_३८ (शनिवार, रात्री ११:३०)

तोफखानासाहेबांशी आदरपूर्वक असहमत. दहा बकेट माराव्यात हे मान्य, पण डायनॅमिक गोल्ड शाफ्टने ५८ व्या वर्षी दहा बकेट मारल्यात तर अकरावी बकेट फिजिओथेरपिस्टकडे मारावी लागेल. तो शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास भरतो. आज स्टीलमध्येच ९५ ग्रॅमचे मिळतात, ग्रॅफाइट ६० ते ८० ग्रॅमचे.

आता साडूंचा सात नंबर. अर्धवटराव, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. तळावर कोरलेला '७' हा आकडा कुठल्याही नियमात बसवलेला नाही. कंपनीला वाटेल तो लॉफ्ट, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) मागे किती कललाय तो कोन, त्यावर घालता येतो. तुमच्या काळातल्या ब्लेडच्या सातचा लॉफ्ट ३४ ते ३६ अंश असायचा. आजच्या सोप्या धाटणीच्या, म्हणजे जाड तळाच्या सेटमध्ये सात नंबर २८ ते ३० अंशांचा येतो. म्हणजे साडू तुमच्या हिशोबाने सहा, कधी कधी साडेपाच नंबर मारत होते, आणि शाफ्टही थोडा लांब. त्यांना पुढच्या वेळी आठ नंबर मारायला सांगा आणि तुम्ही सात मारा. चेंडू शेजारी शेजारी पडतील.

यात निव्वळ फसवणूक आहे असं नाही. आताच्या क्लबच्या डोक्यांत वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू पुरेसा उंच जातो. जुन्या ब्लेडला २९ अंशांवर आणलंत तर चेंडू सशासारखा जमिनीलगत पळेल आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबणार नाही.

खरी गोम पुढे आहे, आणि दुकानातला मुलगा ती सांगत नाही. सगळे आयर्न ताणले (लॉफ्ट कमी केला) की पिचिंग वेजही ताणला जातो. जुना पिचिंग वेज ४८-४९ अंशांचा, नवा ४३-४४ चा. तुमचा सँड वेज आहे ५६ चा. मध्ये १२-१३ अंशांचं भगदाड पडलं! ८० ते १०० यार्डांवरून, जिथे आपल्या वयाच्या माणसाने गुण कमवायचे, तिथेच हातात क्लब नाही. मग ४८ चा गॅप वेज घ्या, मग ५२ चा घ्या. म्हणून 'नवीन आयर्न' म्हणजे नवीन आयर्न अधिक दोन वेज, असाच खर्च धरायचा.

तर्रीबाज (शनिवार, रात्री ११:४१)

लॉफ्टवर ठेवलेल्या सेटच्या लॉफ्टचा घोळ. आमच्याकडे लॉफ्टवर फक्त गणपतीची आरास आणि फुटका कूलर आहे. धागा वाचतोय.

ओझरकर (रविवार, सकाळी ६:५०)

नोकरीतली सगळी वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात धातूंशी झटापट करण्यात गेली, त्यामुळे ड्रायव्हरवर थोडं बोलू द्या. गोल्फ माझा बेताचा आहे, पण धातूचं मात्र खात्रीने सांगू शकतो.

ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन तेव्हाही २०० ग्रॅमच्या आगेमागे होतं, आजही आहे. त्याहून जड डोकं माणसाला वेगाने फिरवता येत नाही. आता स्टीलची घनता ७.८ आणि टायटॅनियम मिश्रधातूची ४.४. भागाकार करा. २०० ग्रॅमात स्टील मिळतं जेमतेम २६ घन सेंटिमीटर, टायटॅनियम मिळतं ४५. पोळीला कणीक जास्त मिळाली की पोळी मोठी लाटता येते, एवढंच. १९९१ ची पहिली बिग बर्था स्टीलची होती, १९० सीसी, आणि तेव्हा लोकांना ती भोपळ्याएवढी वाटली होती. तुमची ग्रेट बिग बर्था १९९५ ची, टायटॅनियमची, २५० सीसी. आज सगळे ४६० वर येऊन थांबलेत, कारण २००४ पासून नियमच ४६० चा आहे.

मोठ्या डोक्याचा उपयोग काय? कुंभाराचं चाक कडेला जड ठेवतात, एकदा फिरलं की सहजी थांबत नाही आणि थांबलेलं सहजी फिरत नाही. ड्रायव्हरमध्ये या दुसऱ्या गुणाशी काम. चेंडू फेसच्या टोकाला लागला की डोकं वळायला बघतं. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते वळायला नाखूश. वरचं झाकण कार्बन फायबरचं करतात तेही याच हावेपोटी. वर वाचलेले चार-पाच ग्रॅम खाली मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचे.

फेसच्या उसळीला मात्र नियमाची वेसण आहे. जुन्या मापात तो आकडा ०.८३, आणि वीस वर्षांपूर्वीच कंपन्या तिथे जाऊन टेकल्या. 'यंदाचा ड्रायव्हर दहा यार्ड लांब' ही जाहिरात दरवर्षी खरी धरली असती तर एव्हाना देवळालीतून मारलेला चेंडू सिन्नरला पडायला हवा होता. मधोमध लागलेल्या फटक्यात पाच वर्षं जुन्या आणि यंदाच्या ड्रायव्हरमध्ये तुम्हाआम्हाला फरक कळणार नाही. तुमच्या २५० सीसीत आणि पाच वर्षं जुन्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक, आणि तोही चुकलेल्या फटक्यांत. आणि आपले चुकलेलेच जास्त असतात.

तेव्हा एकच काठी बदलायची असेल तर ड्रायव्हर. दोन-तीन पिढ्या मागचा घ्या.

निळी_छत्री (रविवार, सकाळी १०:१५)

मी चार वर्षांपूर्वी याच वाटेने परत आले, बाळंतपणं आणि एक खांद्याचं ऑपरेशन मध्ये घालून. सर्वांनी लॉफ्ट आणि धातू सांगितलं, कोणी फ्लेक्स सांगितला नाही म्हणून लिहिते.

शाफ्टवरची अक्षरं: एल म्हणजे लेडीज, ए म्हणजे सीनियर, आर रेग्युलर, एस स्टिफ, एक्स त्याहून ताठ. या अक्षरांनाही कुठलं सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसएवढा ताठ निघू शकतो. जपानी वापरलेल्या सेटवर एसआर लिहिलेलं दिसेल, ते आर आणि एसच्या मधलं. मला एका दुकानात बघता क्षणी एल दिला, का तर मी बाई. मी पाच फूट आठ इंच, शाळेत थाळीफेक केलेली. चेंडू सगळे डावीकडे. मग एका शहाण्या प्रशिक्षकाने पुरुषांचा ए फ्लेक्स दिला आणि प्रश्न मिटला. सांगायचा मुद्दा, दादा, तुमच्या बाबतीत तो मुलगा वय बघून सीनियर हातात देईल आणि तुमचा अभिमान स्टिफ मागेल. दोघांचंही ऐकू नका. स्विंगचा वेग मोजा. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर ढोबळमानाने रेग्युलर, त्याखाली सीनियर करून बघायचा.

आणि वेग कमी असेल तर ड्रायव्हरचा लॉफ्ट जास्त लागतो. ९ अंश हे टीव्हीवरच्या पोरांचं काम आहे. १०.५, अगदी १२ घ्यायलाही लाजू नका. हल्ली बहुतेक ड्रायव्हरच्या मानेला पाना लावून लॉफ्ट अंश-दीड अंश वरखाली करता येतो, त्यामुळे थोडं चुकलं तरी निभतं.

कोपर दुखत असेल तर आयर्नलाही ग्रॅफाइट. यात कमीपणा काही नाही.

अर्धवट_निवृत्त (रविवार, दुपारी १:३०)

सगळ्यांचे आभार. पुणे_३८, तुमचा प्रतिसाद साडूंना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले 'आकडा काय कोरलाय ते महत्त्वाचं'. फौजी माणूस.

कोपर ठीक आहे, कंबर नाही. ३ आणि ४ नंबर आयर्नबद्दल कोणी बोललं नाही. ते मला २००७ मध्येही लागत नव्हते.

कॅडी_नं_सात (रविवार, रात्री ८:४५)

नमस्कार सर. मी पंधरा वर्षं बॅगा उचलल्या, आता पोरांना शिकवतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तीन-चार नंबर काढून टाका सर, पाचही काढा. त्या जागी हायब्रिड, वूड आणि आयर्नच्या मधला क्लब. नुसते नंबर बघून घेऊ नका. तुमचा तीन २१ अंश असेल, चार २४, पाच २७-२८. मग एक हायब्रिड २१-२२ चा आणि एक २६ चा, झालं काम. हायब्रिडला मागं पोट असतं, रफमधून गवताखाली अडकत नाही, चेंडू आपोआप उठतो. पण वूडसारखा झाडू मारू नका, आयर्नसारखा खाली मारायचा. नवीन लोक इथंच चुकतात. तीन वूड पण ठेवा बाजूला, १८ अंशांचा पाच वूड तुम्हाला जास्त पळेल. मी पैजा जिंकलोय त्यावर.

दुसरं, पैसे खर्च करायच्या आधी ग्रिप बदला. अठरा वर्षं माळ्यावर, नाशिकचा मे महिना, पत्र्याखालची गरमी, ते रबर आता दगड झालेलं असणार. दगड ग्रिप असली की माणूस करकचून धरतो, करकचून धरलं की खांदा आखडतो, आणि मग म्हणतो क्लब खराब आहे. घरी होतं हे काम. जुनी ग्रिप ब्लेडने कापायची (स्वतःपासून बाहेरच्या बाजूला कापा, बोटाकडं नाही), जुनी टेप खरवडायची, दोन्हीकडून चिकट टेप लावायची, टेपवर आणि ग्रिपच्या आत थिनर नाहीतर पेट्रोल ओतायचं आणि एका दमात सरकवायची. उघड्यावर करा आणि विडी-सिगरेट लांब ठेवा.

तिसरं, फेसला टाल्कम पावडर लावा आणि वीस चेंडू मारा. चेंडूचा ठसा उमटतो. सगळे ठसे एका जागी असतील, मग ती जागा मध्यावर नसली तरी चालेल, तर तुमचा स्विंग जिवंत आहे, क्लबची लांबी नाहीतर लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) बघायची. ठसे देवीच्या व्रणासारखे सगळीकडं असतील तर तोफखाना सर म्हणतात ते बरोबर, आधी बकेट.

वेज घेताना बाउन्स (तळाच्या फुगवट्याचा कोन) विचारा. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन फरशीसारखी होते. जास्त बाउन्सचा, म्हणजे १४ अंशांचा वेज फरशीवर उडतो आणि चेंडूच्या डोक्यात बसतो. तोच पावसाळ्यात काळ्या चिखलात देव वाटतो, कमी बाउन्सचा रुततो. एकच घ्यायचा असेल तर ८ ते १०.

बागाईतदार_निफाड (सोमवार, सकाळी ७:३०)

माझी चूक लिहितो म्हणजे दुसरा वाचेल. द्राक्षाचे पैसे आले होते, इंटरनेटवर एकाने नामांकित कंपनीचा ड्रायव्हर अर्ध्या किमतीत टाकला होता. कव्हर, पाना, डबा सगळं झकास. पंधरा दिवसांत फेसला खळगा पडला. बघितलं तर अक्षरांचा रंग नखाने निघतोय, अनुक्रमांक कंपनीला मेलने पाठवला तर तो आमचा नाही म्हणाले. विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद. द्राक्षात इतकी वर्षं व्यापाऱ्यांकडून बुडालो, पण तिथे निदान माणसाचं तोंड बघायला मिळतं.

कोणीतरी सांगितलं होतं की लोहचुंबक लावून बघायचा, चिकटला तर नकली. हे खरं का?

ओझरकर (सोमवार, सकाळी ८:१०)

अर्धं खरं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे टायटॅनियम म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या फेसला चिकटला तर सरळ परत करा. पण नाही चिकटला म्हणजे अस्सल असं नव्हे, ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, आणि नकली डोकी त्याचीही करतात. तळातल्या स्टीलच्या स्क्रूला चिकटला म्हणून घाबरू नका. आणि ही परीक्षा फेअरवे वूडला लावू नका. ते बहुधा स्टीलचेच असतात, चुंबक चिकटणारच.

वापरलेला क्लब घ्यायचाच तर हातात घेऊन. डोकं कानाशी हलवा, आत खुळखुळ वाजली तर डिंक तरी सुटलाय किंवा त्याहून वाईट. झाकणावर, फेसच्या कडेला केसासारखी भेग आहे का ते उन्हात तिरपं धरून बघा.

तोफखाना (सोमवार, रात्री ९:३०)

काठ्यांच्या गडबडीत एक राहतंय. तुम्ही २००७ ला सोडलंत, नियम २०१९ ला बदलले. चेंडू शोधायला आता पाच नाही, तीन मिनिटं. ड्रॉप खांद्यावरून नाही, गुडघ्याच्या उंचीवरून. पट करताना झेंडा होलमध्येच ठेवला तरी दंड नाही. एकाच स्विंगमध्ये चुकून दोनदा लागला तर एकच फटका. साडूंशी पैज लावण्याआधी पाठ करा, तो माणूस (मला वाटतोय तोच असेल तर) वाद घालतो.

आणि ते पिवळे चेंडू टाकून द्या.

तर्रीबाज (सोमवार, रात्री ९:३८)

म्हणजे साडू नक्की ओळखीचे आहेत.

अर्धवट_निवृत्त (तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:००)

अहवाल.

तोफखानासाहेबांचं ऐकून दहा नाही पण सात बकेट मारल्या. पावडरचे ठसे पहिल्या दिवशी देवीचे व्रण, सातव्या बकेटपर्यंत निदान एका मोहल्ल्यात आले, थोडे टोकाकडे. मग पुण्याला गेलो. चाकणला दीड तास अडकलो तेव्हा समृद्धीवरून मुंबईलाच गेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं. पण त्या दुकानात परत पाऊल टाकायचं नव्हतं. पुण्यात एका प्रशिक्षकाकडे लाँच मॉनिटर (वेग आणि अंतर मोजणारं यंत्र) आहे, तासाचे पैसे देऊन बसलो. विकायला त्याच्याकडे काहीच नाही, हे मला सर्वात आवडलं.

ड्रायव्हरचा वेग भरला ताशी ८४ मैल. माझ्या जुन्या ९ अंशांच्या स्टिफने चेंडू हवेत सरासरी १६३ यार्ड गेला. त्याच्याकडचा पाच-सहा वर्षं जुना ४६० सीसी, १२ अंश, हलका रेग्युलर शाफ्ट: १८४. वेग तोच, बरं का. फक्त चेंडू मध्याजवळ लागत होता आणि उंच जात होता. सीनियर शाफ्टनेही मारून बघितलं, दिशा विस्कटली. निळी_छत्रीताई, तुमचं म्हणणं पटलं. दोन्ही लाजा सोडल्या.

मग आयर्न. माझा जुना सात मोजला, ३५ अंश निघाला, १२२ यार्ड. नवा २९ अंशांचा सात १३४. आणि नवा आठ? १२३. पुणे_३८, अगदी तुम्ही म्हणालात तसं, शेजारी शेजारी. त्या क्षणी मी साडूंना फोन लावणार होतो, प्रशिक्षकाने अडवलं. तो म्हणाला, चांगले लागलेले विसरा, वाईट लागलेले बघा. टोकाला लागलेला ब्लेडचा फटका १८ यार्ड मागे पडला, नव्याचा ७. तिथे मात्र मी गप्प झालो. १८ यार्ड मागे म्हणजे ग्रीनऐवजी बंकरच्या वाळूत.

शेवटी ठरवलं ते असं. वापरलेला १२ अंशांचा ड्रायव्हर, एक पाच वूड, २२ आणि २६ चे दोन हायब्रिड. चारही हातात घेऊन, हलवून, आणि ड्रायव्हरला चुंबक लावून घेतले. ३, ४, ५ आयर्न आणि जुना ३ वूड बाद. ६ पासून पिचिंग वेजपर्यंत ब्लेडच राहणार, निदान या दिवाळीपर्यंत, कारण माझा पिचिंग वेज ४९ चा आणि सँड ५६ चा, तिथे भगदाड नाही. आयर्न बदलले की वेजही आले, तो खर्च पुढच्या वर्षी. पटर आहे तोच. मोजले तर अकराच होतात. चौदाची मुभा आहे, सक्ती थोडीच आहे? खांद्यावर बॅगही हलकी.

एकट्या नव्या ड्रायव्हरच्या किमतीत हे चारही आले आणि वर नवे बूट.

पुणे_३८ (रविवार, रात्री ८:४०)

झकास. एकच खोड काढतो. हायब्रिडचा शाफ्ट किती ग्रॅमचा घेतलात? १३० ग्रॅमच्या ६ नंबरनंतर ६० ग्रॅमचा हायब्रिड हातात आला की बॅटऐवजी पट्टी धरल्यासारखं होतं आणि माणूस घाईने फिरवतो. वजन टप्प्याटप्प्याने उतरायला हवं.

अर्धवट_निवृत्त (रविवार, रात्री ८:५५)

प्रशिक्षकाने तेच सांगितलं. ८० चे घेतलेत. तरी उडी मोठी आहे, जाणवते. ब्लेड हलक्या शाफ्टवर चढवायचे का ते दिवाळीला बघू.

बागाईतदार_निफाड (रविवार, रात्री ९:१०)

साहेब, बाद केलेले ३, ४, ५ विकणार का? माझ्या पोराला शिकायला.

अर्धवट_निवृत्त (रविवार, रात्री ९:१८)

पोराला ३ नंबर देऊ नका भाऊ, खेळच सोडेल. ५ घेऊन जा, पैसे नकोत. ४ तुम्हाला सोबत. ३ नंबर सौ.ने आधीच गच्चीत कारल्याच्या वेलाला लावलाय आणि वेल त्यावर चढलाय, आता काढता येणार नाही.

कॅडी_नं_सात, ग्रिप आणल्यात, अकरा नग. तेवढं पेट्रोलचं काम एकट्याने करायची छाती होत नाही. गुरुवारी सकाळी जमेल का?

कॅडी_नं_सात (रविवार, रात्री ९:५०)

जमेल सर. साडेसहाला या, ऊन चढायच्या आत सुकतात. टेप तुम्ही आणा, पेट्रोल माझ्याकडं आहे. पटरची ग्रिप वेगळी असते, पुढून सपाट, ती आणलीत का बघा. दहा गोल आणि एक सपाट पाहिजे. अकरा गोल आणल्या असतील तर एक बदलून आणा.

अर्धवट_निवृत्त (रविवार, रात्री ९:५४)

अकरा गोल आणल्यात.